सासूबाई मधोमध

लग्नाला सहा वर्षं झाली, लेक शाळेत जायला लागली, आणि तरी आम्हा नवरा-बायकोचा दोघांचाच म्हणून एकही फोटो नाही, हे मला जालना रोडवरच्या व्हिसावाल्यानं सांगितलं. स्वतःच्या संसाराची बातमी अशी परक्याच्या तोंडून ऐकावी लागली की काय होतं, ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. एक तर बाहेर मे महिन्याचं ऊन, त्यात आम्ही चौघं एकाच रिक्षात कोंबून गारखेड्याहून आलेलो, आणि हा गडी गारेगार एसीत बसून माझ्या नवऱ्याचा मोबाइल बोटानं सरकवत विचारतो, "मॅडम, यात तुम्ही दोघं कुठं आहात?"

"कुठं म्हणजे? सगळ्या फोटोंत आहोत की!"

"आहात. पण मधे कोण आहे?"

मधे सासूबाई होत्या. सगळ्या फोटोंत.

आधी आम्ही तिथं का गेलो होतो ते सांगते. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. लई खटपटीनंतर मला इंग्लंडातल्या एका विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. विषय म्हणजे पिकांच्या मुळांवर वाढणारी बुरशी. घरात सांगितलं तेव्हा नवरा आनंदानं उठून उभाच राहिला, आणि सासूबाई म्हणाल्या, "बुरशी बघाया एवढ्या लांब? पावसाळ्यात आपल्या लोणच्याच्या बरणीत बघ की." त्यांचा विरोध नव्हता बरं का. दुसऱ्याच दिवशी भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगून टाकलं होतं की सून इलायतेला चालली. फक्त बुरशीचं काही बोलल्या नव्हत्या. "शेतीचं मोठं शिक्षान" एवढंच.

तिथला नियम असा की पीएचडीवाल्याला नवरा किंवा बायको आणि लहान लेकरं सोबत नेता येतात. माझा नवरा वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी बघायचा. म्हणजे दिवसभर मशीनचे सुटे भाग तपासून "हे नको, हे परत पाठवा" म्हणायचं. त्यानं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, मी येतो. त्याच्या एका काकांनी फोनवर टोमणा मारला, "बायकोच्या मागं मागं चालला व्हय रे?" तर हा शांतपणे म्हणाला, "मागं नाही काका, शेजारच्या सीटवर." हा माणूस वर्षातून असं एखादंच वाक्य बोलतो, पण बोलतो तेव्हा मला त्याचा अभिमान वाटतो.

मी तर पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, तिघांचे व्हिसे आले तर जाणार. माझा आला आणि या दोघांचा नाही आला, तर गेली बुरशी खड्ड्यात. पाच वर्षांच्या लेकीला इथं सोडून तिकडं प्रयोगशाळेत मुळं धुवत बसणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. हे नुसतं बोलायचं म्हणून नव्हतं. विद्यापीठाला कसं कळवायचं, ते वाक्यसुद्धा मी मनात इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं, आणि रोज पोळ्या लाटताना ते आठवून तव्यावरची एक तरी पोळी करपायची.

सासूबाई इथंच राहणार, हे ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे त्याबद्दल कुणी काही बोललेलं नव्हतं. खालच्या मजल्यावर शेजारीण होती, तिला आम्ही सगळे खाला म्हणजे मावशी म्हणतो; तिची-सासूबाईंची पंधरा-वीस वर्षांची मैत्री. नणंद जालन्याला, म्हणजे एसटीनं तास-दीड तासावर. "मला काय धाड भरली?" असं त्या स्वतःच अधूनमधून म्हणायच्या, कुणी विचारलेलं नसताना. व्हिसावाल्याकडंसुद्धा त्या आपल्या मर्जीनंच आल्या होत्या. "तिथं एसी हाय का? मग येते."

तर फोटो. व्हिसावाल्याचं म्हणणं होतं, लग्नाचा दाखला आहे, सगळं आहे, पण हे दोघं खरंच एकत्र नांदतात असं दिसायला लग्नानंतरचे दोघांचे चार फोटो लावलेले बरे. आम्ही म्हटलं, चार काय, चारशे घ्या. आणि तो एकेक बघत गेला. लेकीचा वाढदिवस: सासूबाई मधे, हातात सुरी. वेरूळला गेलो तो: सासूबाई मधे, मागं देऊळ. म्हैसमाळच्या डोंगरावर: सासूबाई मधे, डोक्यावर पदर, वाऱ्यानं पदर माझ्या तोंडावर. नवीन फ्रिज आणला त्या दिवशीचा फोटो तर असा की मधोमध सासूबाई आणि फ्रिज, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना, दुकानातून फ्रिज उचलून आणणाऱ्या माणसांसारखे.

त्याला कारण होतं. आमच्या घरात कुणी फोन वर धरला की आतून आवाज येतो, "थांबा रे, थांबा!" मग सासूबाई तोंडावर पाणी मारतात, पदर सारखा करतात, येतात आणि मधे उभ्या राहतात. मोठं माणूस मधे, ही त्यांची रीत. एका बाजूला त्यांचा मुलगा उभा राहतो, त्याचा हात सवयीनं आईच्या खांद्यावर जातो. दुसऱ्या बाजूला मी. बरं, सासूबाईंच्या समोर नवऱ्याला चिकटून दोघांचाच फोटो काढून घ्यायचा, हे आमच्याकडं चालत नाही असं कुणी म्हणालं नव्हतं. पण चालतं असंही कुणी म्हणालं नव्हतं. सहा वर्षं अशीच गेली.

"लग्नाचा अल्बम असेल ना?" व्हिसावाला म्हणाला.

अल्बम मी पिशवीतून आणलाच होता. मांडवातल्या प्रत्येक फोटोत दोन मामा, भटजी आणि ओळख न लागणारी एक बाई होती. दोघांचाच असा एक होता, शेवटच्या पानावर, मोठा. पण गुलमंडीच्या आमच्या फोटोवाल्यानं त्या काळच्या फॅशनप्रमाणं आम्हाला मांडवातून कापून काढलं होतं आणि बर्फाच्या डोंगरात नेऊन बसवलं होतं. मागं हिमशिखरं, पुढं निळं तळं, तळ्यात दोन हंस, आणि काठावर आम्ही, मुंडावळ्या बांधून.

व्हिसावाल्यानं तो बराच वेळ बघितला. "हा लावला तर तिकडचा व्हिसाचा साहेब विचारेल, तेव्हा कुठल्या व्हिसावर गेला होतात?"

मला वाटलं गंमत करतोय. पण त्याचा चेहरा गंभीर होता.

मग त्याला एकदम सुचलं. त्यानं वेरूळचा फोटो उघडला आणि आपला अंगठा स्क्रीनवर सासूबाईंच्या अंगावर ठेवला. "आजींना कापू. दोन्ही बाजू जवळ आणू. बघा, बघा, आता कसे नवरा-बायको दिसता!"

आजी समोरच बसल्या होत्या. हातात त्यानंच दिलेला थंड पाण्याचा ग्लास. त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. "म्हंजे मी यांच्या घरात धरत नाय व्हय?"

"तसं नाही आजी. तिकडच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको, लेकरं. बस."

"आन मी?"

तो बिचारा त्यांचा ग्लास पुन्हा भरायला लागला. "तुम्ही... तुम्ही नातेवाईक."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, काय बोलता? कापायचं असेल तर मला कापा!"

"तुला कसं कापतील?" नवरा हळूच म्हणाला. "तूच तर शिकायला चाललीस."

परत येताना रिक्षात लेक सासूबाईंच्या मांडीवर होती. ती सारखी विचारत होती, "आजी, नातेवाईक म्हणजे काय?" त्यांनी तिला पदरानं वारा घातला आणि बाहेर बघत राहिल्या.

घरी आल्यावर नवऱ्यानं डोकं चालवलं. शांत माणसानं डोकं चालवलं की मला धडकी भरते. त्याचं म्हणणं, नातं तर खरंच आहे, फक्त फोटो राहिले, मग आता काढू. एका दिवसात चार जोडी कपडे बदलायचे. एक उन्हाळा, एक दिवाळी, एक हिवाळा, एक असाच. सहा वर्षांचा संसार संध्याकाळपर्यंत तयार. मला ते पटत नव्हतं. खऱ्या नवऱ्याबरोबर खोटे फोटो काढायचे, ही काय तऱ्हा? पण पर्याय सुचत नव्हता, आणि ते इंग्रजी वाक्य डोक्यात फिरत होतं, म्हणून गप्प बसले.

हिवाळ्यासाठी स्वेटर लागणार होते आणि इंग्लंडला तसेही लागणारच होते, म्हणून आम्ही गुलमंडीच्या बाजारात गेलो. मे महिन्यात भर दुपारी दोन जाड स्वेटर मागितल्यावर दुकानदारानं आधी आमच्याकडं बघितलं, मग पंख्याकडं बघितलं. "तबीयत तो ठीक है ना साब?" मग वरच्या माळ्यावरून धुळीचा गठ्ठा खाली आला. माझ्यासाठी जांभळा आणि यांच्यासाठी शेवाळी. शेवाळी रंग बघून मला पुन्हा बुरशीच आठवली.

रविवारी सकाळी हर्सूल तलावावर. सासूबाईही आल्या, कारण लेकीला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. त्या लिंबाखाली बसल्या, कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन. नवऱ्यानं फोन दगडाला टेकवून टायमर लावला आणि पळत माझ्याकडं आला. पहिल्या फोटोत तो नुसता पळताना आला. दुसऱ्यात माझे डोळे मिटलेले. लेक हाका मारत होती, "आजी, ये ना! आजी, तू मधे ये ना!"

"मी नाय," लिंबाखालून उत्तर आलं. "मी नातेवाईक."

नवऱ्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आई, असं नका ना बोलू." तर त्या म्हणाल्या, "मी काय वंगाळ बोलले? तो म्हणला, ते म्हणले. बदला कपडे, ऊन चढाया लागलं."

आणि एकदा कपड्यांची पिशवी त्यांच्या हातात आल्यावर त्यांनी कारभारही हातात घेतला. "ह्याच्यावर हे कानातलं नको, दिवाळीचं हाय ना? ठुशी घाल." "तू शर्ट आत खोच. दिवाळीला असा व्हता का तू?" हिवाळ्याची पाळी आली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. स्वेटर चढवले आणि माझ्या अंगावर पाण्याचे ओघळ सुरू झाले. टिकली घसरून भुवईवर आली. नवरा म्हणतो, "थंडी वाजतेय असं दाखव." मी म्हटलं, "तुम्ही जिवंत आहात असं दाखवा आधी." फोटो काढून स्वेटर उतरवला तेव्हा जांभळा रंग माझ्या मानेला लागला होता. तो दोन दिवस गेला नाही.

व्हिसावाल्यानं फोटो बघितले. मोठे केले, लहान केले, पुन्हा मोठे केले. मग आमच्याकडं फोन वळवला. "उन्हाळा वेगळा, दिवाळी वेगळी, थंडी वेगळी. छान. पण ही म्हैस?"

आमच्या मागं, तलावाच्या काठाला, एक म्हैस उभी होती. एका शिंगाची. उन्हाळ्यात होती, दिवाळीत होती, कडाक्याच्या थंडीत होती. सगळीकडं आमच्याकडंच बघत.

"म्हशी तिथं कायम असतात," नवरा म्हणाला.

"असतील. पण तोंडातलं गवत तेच आहे."

त्यानं फोन टेबलावर ठेवला.

"साहेब, तुम्ही काय करता म्हणालात?"

"क्वालिटी," नवरा जमिनीकडं बघत म्हणाला.

एवढ्या अपमानातही मला असं हसू फुटलं की थांबेना, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते मलाच कळलं नाही. "माझ्या एकटीचाच व्हिसा आला, तर तो परत कसा करतात?" असं काहीतरी मी त्याला विचारलं. मग त्या माणसालाही दया आली असावी. म्हणाला, "मॅडम, असली सोंगं नकोत, उलटी अंगाशी येतात. घरचे सगळ्यांचे फोटो आहेत तसेच लावू, आजींसकट. फक्त एक तरी साधा, दोघांचा, खरा फोटो द्या. आज काढला तरी चालेल. पण उद्या सकाळी द्या, म्हणजे मी फाइल पाठवून मोकळा."

संध्याकाळी आम्ही घरी गेलो तेव्हा सासूबाई गच्चीवर कुरडया उचलत होत्या. खाला तिच्या लाल मिरच्या गोणपाटावर उलट्यापालट्या करत होती. नवऱ्यानं म्हशीचं सगळं सांगितलं. खाला पोट धरून हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी कुरडयांचं टोपलं बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, "तुझ्या सासऱ्याचा फोटो बघितलास ना खाली?"

दिवाणखान्यातला तो फोटो मी सहा वर्षं रोज बघत होते. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले. फोटोत त्यांचं तोंड अर्धवट उघडं आहे, कुणाशी तरी बोलतायत असं. आणि त्यांच्या खांद्यावर एका बाईचा हात आहे, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरलेला. पुढं काही नाही, तिथं फोटो संपतो. हार नेहमी असा घातलेला असतो की तो हात झाकावा. मला वाटायचं, कुणीतरी आत्या असेल.

"माझ्या सासूचा हात हाय तो," सासूबाई म्हणाल्या. "नणंदंच्या लग्नात काढलेला. त्या मधी व्हत्या. मी पलीकडं व्हते. हे गेले तवा भिंतीला लावाया फोटो सापडंना घरात. मग त्याच्यातनं कापून काढला. सासूचा हात तेवढा ऱ्हायला. मी पार बाहेर गेले." त्यांनी कुरडईचा एक तुकडा मोडला आणि पुन्हा टोपल्यात टाकला. "म्हणून म्हणते, सगळे या, सगळे या. पण दोघांचाबी एक असावा बाई. आमचा नाय. आण इकडं तो फोन."

सासूबाईंनी आयुष्यात कधी फोटो काढला नव्हता. पहिले पाच-सहा फोटो त्यांच्याच कपाळाचे आले, कारण फोनचा कॅमेरा त्यांच्याकडं वळलेला होता आणि त्या स्क्रीनवर स्वतःला बघून म्हणत होत्या, "हे कोण आलं मधी?" खालानं कॅमेरा फिरवायचं बटण दाबून दिलं. मग आम्ही दोघं पाण्याच्या टाकीसमोर उभे राहिलो. सासूबाई एक डोळा मिटून बघायला लागल्या, बंदूक धरल्यासारख्या.

"अगे मा," खाला ओरडली, "इत्ते दूर कायकू खड़े? बीच में से रिक्शा जाती क्या?"

आम्ही सरकलो.

"हौ, अब ठीक है. शरमाओ नक्को."

"हाला नगा," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी बटण इतक्या जोरानं दाबलं की फोनच हातातून निसटला, तो मिरच्यांवर पडता पडता खालानं झेलला.

रात्री मी तो फोटो नीट बघितला नाही. बघितला असता तर तेव्हाच दिसलं असतं. सकाळी व्हिसावाल्याच्या मोठ्या स्क्रीनवर तो उघडला आणि व्हिसावाल्यासकट आम्ही तिघंही पुढं वाकलो. सरकलो होतो आम्ही, पण किती? दोघांच्या मधे बरोब्बर एका माणसाची जागा सुटली होती. आणि नवऱ्याचा उजवा हात कोपरात वाकून तसाच हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा. खाली खांदाच नाही.

"भांडण झालंय का तुमचं?" व्हिसावाल्यानं विचारलं.

"नाही."

"मग ही जागा कुणाची?"

नवऱ्यानं घसा खाकरला आणि खिडकीकडं बघितलं. व्हिसावाल्यानं एकदा वेरूळचा फोटो बघितला, एकदा हा बघितला. "राहू दे," म्हणाला. "असाच लावतो. असा फोटो खोटं बोलणारी माणसं काढणार नाहीत."

नंतरचे आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे आणि तो गॅसवाल्याचा असायचा. सासूबाई रोज देवापुढं दिवा लावायच्या. एकदा मी विचारलं, "आई, काय मागता?" तर म्हणाल्या, "देवालाबी कळंना मी काय मागते. व्हिसा येऊ दे म्हणते, आन उठताना पाय जड व्हतात." असं तोंडावर सांगणारी बाई. मी तिथंच त्यांच्या शेजारी खाली बसले. आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसलो, दुधाला ऊत येऊन ते सगळ्या ओट्यावर गेलं तरी.

व्हिसे आले. तिघांचेही. खालानं शीरखुर्मा केला, ईद नसताना. सासूबाईंनी पेढे वाटले आणि कुरडयांचे इतके डबे भरले की आमच्या सामानात स्वेटरला जागा राहीना, ते हातातच घेतले. निघायच्या दिवशी दारात फोटो झाला. आतून आवाज आला, "थांबा रे, थांबा!" तोंडाला पाणी लावून, पदर सारखा करून त्या आल्या आणि मधे उभ्या राहिल्या. या वेळी मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

इथं येऊन आता वर्ष होत आलं. मी मुळं धुते. नवरा आधी काही महिने घरी होता. त्यानं स्वयंपाकघरात क्वालिटी सुरू केली आणि माझ्या पोळ्या परत पाठवायला लागला, तेव्हा मी त्याला म्हटलं, नोकरी शोधा. आता त्याला मिळाली आहे. लेक इथल्या शाळेत भराभर इंग्रजी बोलते आणि आजीशी बोलताना "लई" आणि "व्हय" शिवाय बोलत नाही.

हिवाळ्यात पहिला बर्फ पडला. माझ्या प्रयोगशाळेतली एक बाई रस्त्यात भेटली. म्हणाली, द्या फोन, तुमचा फोटो काढते. आम्ही उभे राहिलो, लेक पुढं. माझ्या अंगात गुलमंडीचा जांभळा स्वेटर, मानेला रंग नको म्हणून आतल्या शर्टाची कॉलर वर करून. ती बाई हातानं खुणा करत राहिली, जवळ या, अजून जवळ या. आम्हाला वाटलं, आलो. घरी येऊन बघितलं तर तेच. मधे एका माणसाची जागा आणि यांचा हात हवेत. आम्ही दोघं हसलो आणि फोटो तसाच सासूबाईंना पाठवून दिला.

दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल असतो. त्या फोन डब्याला टेकवून ठेवतात, त्यामुळं आम्हाला त्यांचं कपाळ, अर्धा पंखा आणि भिंतीचा वरचा तुकडा तेवढा दिसतो. परवाच्या रविवारी कपाळ बाजूला झालं आणि लेक किंचाळली, "आजी, तुझ्या भिंतीवर आम्ही!"

"बघितलं व्हय? थांब, काढते."

त्यांनी खिळ्यावरनं फ्रेम उतरवली आणि फोनसमोर धरली. सोनेरी काठाची, भली मोठी. आधी नुसतंच चकाकलं, मग दिसलं. आमचा बर्फातला फोटो. एका बाजूला मी, एका बाजूला हे, पुढं लेक. आणि मधे सासूबाई. सुती पातळ, डोक्यावर पदर, उन्हात उभं राहिल्यासारखे बारीक केलेले डोळे, पायांत घरातल्या चपला, घोटाभर बर्फात. यांचा हवेतला हात बरोबर त्यांच्या खांद्यावर टेकला होता.

"आई, हे कुणी केलं?"

"त्याच गुलमंडीच्या फोटोवाल्यानं. तुमच्या लग्नाचा बर्फाचा त्यानंच केला व्हता की. मला म्हणला, आजी, एवढी जागा सोडून कोण उभं ऱ्हातं? म्हणलं, माझी जागा हाय ती. बसव."

नवरा उठला आणि गॅस बंद करायला स्वयंपाकघरात गेला. गॅस चालू नव्हताच. मला रडू आवरेना, आणि लेकीसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आई, अहो, त्याला सांगून अंगावर स्वेटर तरी चढवून घ्यायचा. गारठून जाल तिथं, नुसत्या चपलेवर."

"गारठंना का," सासूबाई फ्रेम पदरानं पुसत म्हणाल्या. "तुम्ही फोटो काढताना तेवढी जागा सोडत जा. बाकीचं मी त्याच्याकडनं करून घेते."